नागीण: गावात उतरवणारा सांगतोय थांबा, इथे शुक्रवारची वेळ मिळतेय. काय करू?

उंबरठा | मंगळवार, रात्री ९.५०

बाबा ७१ वर्षांचे, आईबरोबर कराडजवळच्या गावी असतात. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या आठवड्यात डाव्या बरगडीखाली आग आग व्हायला लागली. छातीची बाजू म्हणून चुलतभावाने कराडला नेऊन ईसीजी काढला, तो नॉर्मल. गॅसची गोळी घेऊन परत आले. काल सकाळी अंघोळीच्या वेळी आईला पाठीच्या मधोमध सुरू होऊन पुढे पोटाकडे येणारा लाल पट्टा दिसला. आज त्यावर पाण्याचे फोड आलेत.

आत्याने बघताक्षणी सांगितलं, नागीण. शेजारच्या वाडीत एक जण उतरवतो, पण फक्त गुरुवारी आणि रविवारी. तोवर गेरू लावायचा आणि डॉक्टरची गोळी अजिबात घ्यायची नाही, नाहीतर ती 'आत जाते'. आईला एकच धास्ती, दोन्ही टोकं जुळली तर?

मी पुण्यात. इथल्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ शुक्रवारची मिळतेय. तोवर थांबू का? बाबांना इकडे आणू का? बायकोने फोटो गूगलवर टाकला तर 'हर्पिस' असं आलं. त्यावरून घरात आता वेगळीच शांतता आहे.

तिरफळ | रात्री ९.५८

शुक्रवार नको. उद्या सकाळी कराडलाच जो एमबीबीएस किंवा एमडी भेटेल त्याला दाखवा. सविस्तर डॉक्टरमंडळी लिहितीलच.

भुईमूग | रात्री १०.१२

आमच्याकडं माझ्या थोरल्या भावाला झालती. मंतरून आणली, गेरू लावला, पंधरा-वीस दिवसांत खपल्या धरून गेली. एक गोळी खाल्ली नाही. शिकलेल्या लोकांना पटत नाही पण गुण येतो हे डोळ्यानं बघितलंय. बाकी तुमची मर्जी.

स्टेथोस्कोप | रात्री १०.४०

उंबरठा, फोटो न बघताही वर्णनावरून नागीणच वाटते: आधी एका बाजूला आग, मग दोन-चार दिवसांनी त्याच पट्ट्यात फोड. फोड यायच्या आधी हे दुखणं हृदयाचं, मूतखड्याचं, अपेंडिक्सचं, कधी दाढेचं वाटतं. त्यामुळे ईसीजी काढला हे योग्यच झालं. ७१ वर्षांच्या मधुमेही माणसाला छातीच्या डाव्या बाजूला दुखत असेल तर तो काढायलाच हवा.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू शरीराबाहेर जात नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबून बसतो. वय वाढलं किंवा मधुमेह, केमोथेरपी, स्टेरॉइड, एचआयव्ही अशा कारणाने प्रतिकारशक्ती ढिली पडली, की त्यातल्या एखाद्या गाठीतून जागा होतो आणि त्याच तंतूने त्वचेपर्यंत येतो. घरातल्या वायरिंगसारखं समजा: एका खोलीची वायर जळली तर त्याच खोलीतले दिवे जातात. प्रत्येक तंतूचा पट्टा ठरलेला असतो, मागे मणक्यापाशी सुरू होतो आणि पुढे छाती-पोटाच्या मध्यरेषेपाशी संपतो. पलीकडच्या बाजूला वेगळा तंतू. म्हणून टोकं जुळत नाहीत, जुळायची सोयच नाही. आईंना हे सांगा. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णात फोड अंगभर पसरू शकतात आणि ते गंभीर असतं, पण ते जुळणं नव्हे.

आता घाई कशाची ते. विषाणूविरोधी गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. तुमचे फोड आज आलेत, पुरळ काल. शुक्रवारी ती खिडकी बंद होईल. याला त्वचारोगतज्ज्ञच लागतो असं नाही, कुठलाही फिजिशियन किंवा चांगला फॅमिली डॉक्टर हे रोज बघतो. बाबांना पुण्यापर्यंत हलवण्यात तीन-चार तास आणि त्यांचे हाल, दोन्ही फुकट जातील. सरकारी उपजिल्हा रुग्णालयात गेलात तरी चालेल.

डोस मी बाबांसाठी लिहून देत नाही, पण तुम्हाला पडताळता यावं म्हणून सांगतो. नागिणीला असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीन वेळा सात दिवस, हा प्रौढांचा नेहमीचा डोस. मेडिकलवाला न विचारता देतो त्या बहुधा २०० किंवा ४०० च्या गोळ्या असतात. तो ओठावरच्या फोडांचा हिशेब, नागिणीला पुरत नाही. सोबत जी ट्यूब मिळते तिचा नागिणीत उपयोग नाही. आणि खाज-पुरळाचं म्हणून स्टेरॉइडचं मिश्र मलम मिळतं ते तर लावूच नका.

बाबांच्या बाबतीत एक खास गोष्ट. ही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मधुमेह आणि ७१ वय म्हटल्यावर उद्याच्या डॉक्टरांना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) बघायला सांगा, जुना रिपोर्ट असेल तर न्या. वाढलेलं असेल तर ते डोस कमी करतील. पाणी भरपूर प्यायला लावा.

खडीसाखर | रात्री १०.५५

@भुईमूग, तुमच्या भावाची नागीण खपल्या धरून गेली कारण ती तशीच जाते. सात-दहा दिवसांत खपली, दोन ते चार आठवड्यांत त्वचा बरी, गेरू लावा नाहीतर लावू नका. ज्या रोगाची फोडं आपोआप सुकतात त्या रोगाचा मांत्रिक कधीच नापास होत नाही. गुरुवार-रविवारचं वेळापत्रक मात्र लई भारी. विषाणूला सुट्टी देतात वाटतं.

भुईमूग | रात्री ११.०५

टिंगल करू नका. भावाला दुखणं नंतर वर्षभर राहिलं हे पण खरं आहे. सदरा अंगाला लागला तरी ओरडायचा. ते मंत्रात चूक झाली म्हणून असं आमच्याकडं म्हणत होते.

स्टेथोस्कोप | रात्री ११.१८

भुईमूग, हे लिहिलंत ते बरं झालं. भावाचं वर्षभराचं दुखणं हाच या आजाराचा खरा त्रास. फोड सुकले तरी तंतूला झालेली इजा राहते आणि आग होत राहते. तीन महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला नागिणीपश्चात मज्जातंतुशूल म्हणतात. साठी-सत्तरीनंतर त्याची शक्यता बरीच वाढते. गोळ्यांनी पुरळ लवकर सुकतं आणि सुरुवातीचं दुखणं कमी होतं. पुढचं दुखणं पूर्ण टळेल अशी हमी नाही, पण सुरुवातीलाच वेदना आवरणं महत्त्वाचं असतं.

उंबरठा | रात्री ११.३०

सकाळी सहाला चुलतभाऊ गाडी काढतोय. आत्याला फोन करायची हिंमत उद्या.

जाईजुई | बुधवार, सकाळी ७.१०

आत्याबाईंशी भांडू नका हो. 'आधी गोळी, मग रविवारी तुम्ही म्हणाल तिथे जाऊ' असं सांगा. आमच्या सासूबाईंच्या वेळी मी हेच केलं. त्यांचा मान राहिला, औषधही गेलं पोटात. फक्त ओल्या फोडांवर गेरू, राख, शाई काही लावू देऊ नका. तिथून पू होतो आणि मग व्रण राहतो.

मला स्वतःला नागीण झाली ती कपाळावर, उजव्या बाजूला. डोकं दुखतंय म्हणून बाम चोळत होते. दुसऱ्या दिवशी भुवईच्या वर फोड आणि एक बारीकसा नाकाच्या शेंड्यावर. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो नाकावरचा फोड बघितला आणि तिथूनच नेत्रतज्ज्ञांना फोन लावला. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच तंतूची फांदी जाते, म्हणून तिथे फोड आला की डोळा धोक्यात असं समजायचं. डोळ्यात सूज निघालीच. थेंब आणि गोळ्या दोन्ही वेळेवर मिळाले, दृष्टी शाबूत आहे. कपाळावर किंवा डोळ्याजवळ नागीण असेल तर त्वचेच्या डॉक्टरांइतकाच डोळ्यांचा डॉक्टर गरजेचा, हे प्रत्येकाने लक्षात ठेवा.

पिंपळपान | सकाळी ९.२०

कानाचंही तसंच आहे ना? जस्टिन बीबरने २०२२ मध्ये व्हिडिओ टाकला होता, अर्धा चेहरा हलत नव्हता.

स्टेथोस्कोप | सकाळी ९.४५

हो, रॅमसे हंट सिंड्रोम. तोच विषाणू चेहऱ्याच्या तंतूत. कानात ठणका, कानाच्या पाळीत किंवा आत फोड आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं. 'वारं गेलं' म्हणून मालिश करत बसू नये. त्याच दिवशी दाखवावं.

उंबरठा | दुपारी १.१५

कराडचे डॉक्टर बघताच म्हणाले नागीण. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. त्यांनी हिशेब करून डोस कमी केला, दुखण्यासाठी वेगळी गोळी दिली. ओपीडीत बाहेर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आईला उतरवणाऱ्यांचे पत्ते दिले.

दोन प्रश्न. माझी बहीण सहा महिन्यांची गरोदर आहे, बाबांना बघायला येतो म्हणतेय. येऊ द्यावं का? आणि आई अंथरूण-पांघरूण, ताटवाटी सगळं वेगळं करून बसलीय, त्याची गरज आहे का?

स्टेथोस्कोप | दुपारी २.०५

नागिणीपासून नागीण लागत नाही. पण फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि त्याची लसही घेतलेली नाही, त्याला तो लागला तर कांजिण्या होतात. बहिणीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, आईंना विचारा. झाल्या असतील तर फारशी काळजी नाही. नक्की माहीत नसेल तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तिने यायचं थांबावं. आणि तिचा बाबांशी आधीच संपर्क झाला असेल तर आजच तिच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगावं, तिथे वेळेला किंमत आहे. तान्ही बाळं आणि केमो चालू असलेली माणसं यांनाही तोवर लांब ठेवा.

ताटवाटी वेगळी नको. पुरळ सैल, धुवट सुती कपड्याने झाकलेलं असावं. टॉवेल आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा. नखं कापा, फोड फोडू नका. अंघोळ बंद करू नका, साध्या पाण्याने करून हलकं टिपून घ्या. आग झाली तर गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा, कॅलामाइन लावलं तरी चालेल.

आणि सूनबाईंसाठी: हर्पिस हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव. नागीण आणि कांजिण्यांचा विषाणू त्यातला एक. ओठावर आणि गुप्तांगावर फोड आणणारे हर्पिस सिम्प्लेक्स १ आणि २ वेगळे. बाबांच्या आजाराचा शरीरसंबंधांशी काडीचा संबंध नाही. शांतता भंग करायला हरकत नाही.

काढा | दुपारी ३.३०

आयुर्वेदात हे विसर्पात मोडतं. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावायची पद्धत घरोघर होती, थंडावा येतो. मी स्वतः वैद्य आहे, तरी सांगते: पहिल्या तीन दिवसांत विषाणूविरोधी गोळी चुकवू नका. लेप लावायचाच तर फोड सुकल्यावर, कोरड्या त्वचेवर.

खडीसाखर | दुपारी ३.४१

वैद्यांकडून हे ऐकून कान तृप्त झाले. +१

अवांतर: कांजिण्यांचा विषाणू दबून बसतो आणि पुढे नागीण होऊन उठतो, हे गृहीतक १९६५ साली पद्धतशीर मांडलं ते सायरेनसेस्टर नावाच्या इंग्लिश गावातल्या एका जनरल प्रॅक्टिशनरने, एडगर होप-सिम्पसन यांनी. ना मोठी प्रयोगशाळा, ना विद्यापीठ. आपल्याच दवाखान्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी. आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांच्या वह्यांत काय काय पडलं असेल देव जाणे.

ओळख_नको | बुधवार, रात्री १२.२०

धाग्याचा विषय वेगळा आहे, पण स्टेथोस्कोप यांनी सिम्प्लेक्स म्हटलं म्हणून विचारते. गरोदरपणाच्या आधीच्या तपासण्यांत टॉर्च टेस्ट केली, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी. त्यात हर्पिस सिम्प्लेक्सचा आयजीजी पॉझिटिव्ह. मला कधीच कुठे फोड आलेले नाहीत. सासरी रिपोर्ट सगळ्यांनी वाचला. नवरा काही बोलत नाही आणि सासूबाई जास्तच बोलतात.

स्टेथोस्कोप | गुरुवार, सकाळी ७.५०

ताई, हा रिपोर्ट कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आयुष्यात कधीतरी हा विषाणू शरीराने पाहिलाय, एवढंच. बऱ्याच लॅब टाइप १ आणि २ वेगळे करतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जवळपास दोनतृतीयांश लोकांत टाइप १ असतो, आणि तो बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरातल्या कुणीतरी पापा घेतल्याने. तीच तपासणी सासूबाईंची केली तर त्यांचीही पॉझिटिव्ह येण्याची शक्यता मोठी आहे. (हे त्यांना सांगा असं म्हणत नाही.) आयजीएम नावाची दुसरी ओळ असेल तर तिच्यावर अजिबात विसंबू नका, ती फार फसवते. लक्षणं नसताना ही तपासणी करूच नये असं बहुतेक तज्ज्ञांचं मत आहे, तरी टॉर्चच्या गठ्ठ्यात ती आपल्याकडे सर्रास होते.

कधी खरंच फोड आले तर ताजा फोड असतानाच दाखवा, त्यातल्या पाण्याचा पीसीआर हा खरा पुरावा. आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, गुप्तांगावर पहिल्यांदाच फोड आले तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना सांगायचं. बाळाला धोका असतो तो मुख्यतः तिथे. नुसत्या जुन्या आयजीजीने गरोदरपण पुढे ढकलायची गरज नाही.

गुमनाम_दोन | सकाळी ८.३५

मला खरंच आहे, टाइप २. लिहितो कारण वाचणारे बरेच असतील. पहिला झटका भयंकर होता, ताप, लघवीला आग, चालता येईना. नंतरचे झटके दर वेळी सौम्य होत गेले. मांडीत मुंग्या आल्यासारखं झालं की मला कळतं, लगेच गोळ्या सुरू करतो. वर्षातून फार वेळा यायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी रोजची एक व्हॅलासायक्लोव्हिर सुरू केली. त्याने झटके तर कमी झालेच, जोडीदाराला लागण्याची शक्यता सुमारे निम्म्यावर येते. निरोधने आणखी कमी, पण शून्य नाही. फोड असताना संबंध नाही, हा घरचा नियम. लग्नाआधी तिला सांगितलं. डॉक्टरांकडे दोघं गेलो, तिने माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.

ज्यांना खाजगीत जायची लाज वाटते किंवा परवडत नाही त्यांच्यासाठी: जिल्हा रुग्णालयात गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तपासणी, समुपदेशन, औषध फुकट. हर्पिसचं औषध लाल रंगाच्या किटमध्ये येतं. तिथल्या बाईंनी माझ्याशी जितक्या साधेपणाने बोलणं केलं तितकं महागड्या दवाखान्यात कुणी केलं नव्हतं.

ओळख_नको | सकाळी ९.०५

दोघांचेही आभार. नवऱ्याला हा धागा पाठवतेय.

उंबरठा | पुढच्या महिन्यात

धागा वर काढतोय. बाबांच्या खपल्या पडल्या, डाग उरलेत. गुरुवारी काही वाडीवर गेलो नाही, रविवारी आत्या स्वतः अंगारा घेऊन आली, तो देवाजवळ ठेवला. पण आग आहेच. पंख्याचं वारं लागलं तरी कळवळतात, बनियन घालत नाहीत, उघडेच बसतात. दुखण्यासाठी प्रेगाबालिन चालू आहे, पण सकाळी उठल्यावर झोकांड्या जातात. परवा मोरीच्या दारात भिंत धरून उभे होते. बंद करू का?

स्टेथोस्कोप | त्याच दिवशी, रात्री १०.३०

स्वतःहून एकदम बंद करू नका. चक्कर आणि झोप हा त्या औषधाचा ठरलेला दुष्परिणाम आहे. ते मूत्रपिंडावाटेच जातं, आणि बाबांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे. उद्या डॉक्टरांना फोन करून झोकांड्यांचं सांगा, ते डोस उतरवतील किंवा रात्रीच्या एका वेळेवर आणतील. तोवर रात्री लघवीला उठताना कुणीतरी सोबत हवं, मोरीतला दिवा चालू ठेवा. या वयात खुब्याचं हाड मोडणं नागिणीपेक्षा महाग पडतं.

दुसरा पर्याय अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, अगदी छोट्या मात्रेत. पण बाबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते, काचबिंदू किंवा हृदयाची तक्रार असेल तर तेही आधी सांगा. अंगावर जखम उरली नसेल तर लिडोकेनच्या पट्ट्या चांगल्या, त्यांनी गुंगी येत नाही. दुखऱ्या जागी बारा तास लावायच्या, बारा तास काढायच्या. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलमही असतं, सुरुवातीला जळजळतं. हात साबणाने नीट धुवायचे आणि डोळ्याला लावायचे नाहीत. एवढ्याने भागलं नाही तर पुण्यात पेन क्लिनिकमध्ये दाखवा, तिथे तंतूजवळ इंजेक्शन देतात. मात्र हे दुखणं बहुतेकांचं महिन्यामहिन्याने उतरतं, हेही बाबांना सांगा. त्यांना वाटत असेल आता जन्मभर असंच.

जाईजुई | रात्री १०.५२

बनियन नको असेल तर जुनी मऊ साडी दुहेरी करून घट्टसर गुंडाळून बघा. कापड नुसतं घासत राहिलं की जास्त दुखतं, एकदा चिकटून बसलं की कमी. मला कपाळावर रुमाल बांधून बरं वाटायचं.

कार्डिफकर | दुसऱ्या दिवशी, पहाटे २.१०

लसीचा विषय कुणीच काढला नाही? इथे ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सप्टेंबर २०२३ पासून पासष्टी पूर्ण करणाऱ्यांना आणि सत्तर ते एकोणऐंशीच्या लोकांना नागिणीची लस, शिंग्रिक्स, फुकट देते. भारतातही ती २०२३ मध्येच आली. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. पन्नाशीच्या पुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत नागिणीपासून ९७ टक्के संरक्षण मिळालं, सत्तरीनंतरही नव्वदच्या आसपास. मी आईवडिलांना पुण्यात घ्यायला लावली. दंड दुखला, ताप, अंग मोडून आलं, दोन दिवस दोघंही माझ्या नावाने खडे फोडत होते.

आमच्या वेल्समधलं आणखी एक. इथे नागिणीची आधीची, जुनी लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारखेची रेघ ओढली होती. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, आधीच्यांना नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांची तुलना करून २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निबंध आला: लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी. का, ते अजून शोधतायत.

तिरफळ | सकाळी ८.१५

किंमतही सांगा ना. भारतात एका डोसचे दहा हजारांच्या वर जातात, म्हणजे नवराबायकोचे चाळीसहून अधिक. सरकारी कार्यक्रमात नाही. हप्त्याने घ्यायची लस झाली ही.

उंबरठा | सकाळी ८.४०

बाबांना आता घेऊन उपयोग आहे का, की एकदा झाली म्हणजे सुटलो? आणि आई ६६ आहे, तिला?

स्टेथोस्कोप | सकाळी ९.१०

पुन्हा होऊ शकते, म्हणून झालेल्यांनीही घ्यावी. पुरळ पूर्ण गेल्यावर, कधी ते बाबांचे डॉक्टर ठरवतील. आत्ता आधी झोकांड्या आणि दुखणं. पैशांचा प्रश्न असेल तर दोघांत आधी आईंची घ्या. त्यांना अजून झालेली नाही आणि घरातलं सगळं त्यांच्यावर चाललंय. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, त्यामुळे पुण्यातून पिशवीत घालून नेऊ नका. कराडला ज्या दवाखान्यात लसीचा फ्रीज आहे तिथे आधी नोंदवून मागवा.

उंबरठा | सकाळी ९.२५

फोन झाला. प्रेगाबालिन फक्त रात्री, अर्ध्या मात्रेवर. आठवड्याने पुन्हा क्रिएटिनिन. आईच्या लसीचं तेच मागवून देणार आहेत. आई विचारतेय, आत्यालाही द्यायची का.

भुईमूग | सकाळी ९.४०

माझ्या भावासाठी पण विचारून ठेवा. कराड आम्हाला जवळच पडतं.